सेलूतलं दर सातवं घर

वर्ध्याकडे जाऊन आले म्हटलं की प्रत्येकजण विचारतो, आश्रम पाहिलात का. नाही पाहिला. आठवडाभर त्या जिल्ह्यात राहून मी पाहिलं ते सेलू गावातलं दर सातवं घर, आणि त्याच्या अलीकडची-पलीकडची जवळजवळ सगळी. कारण तिथे एखादं घर सोडून पुढे जाता येत नाही. का जाता येत नाही, ते पुढे येईलच.

मी गडहिंग्लजला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नमुना कसा निवडावा हे शिकवण्यात माझे केस पिकले, पण खराखुरा नमुना घ्यायला मी कधी कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते. ती वेळ आणली मालतीने. मालती म्हणजे पुण्याच्या हॉस्टेलातली माझी खोलीतली जोडीदारीण. मूळची हिंगणघाटची, लग्न होऊन सेलूला आली. सासरचं किराणा दुकान आहे आणि वीसेक वर्षं ती त्या दुकानात दुसऱ्यांनी मांडलेल्या बरण्यांमागे उभी आहे. नाताळच्या सुट्टीआधी तिचा फोन आला. तिला दुकानाला लागून असलेल्या खोलीत सांबारवडीचं दुकान काढायचं होतं. सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं, लसूण, मिरची यांचं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळलेली ही वडी हिवाळ्यात वर्ध्याकडे घरोघरी होते.

अडचण नेमकी तीच होती. मालतीचे सासरे, ज्यांना ती मामाजी म्हणते, त्यांचं म्हणणं असं की जी वस्तू घरोघरी होते ती विकत कोण घेणार. त्या खोलीसाठी एक मोबाइलवाला तयार बसला होता, त्याला सोमवारी शब्द द्यायचा होता. गावाला नीट विचारून दाखव, लोक घेतील असं दिसलं तर खोली तुझी, नाहीतर सोमवारी त्याची, असं मामाजींनी सांगितलं होतं. मालती फोनवर म्हणाली, "मले एक गोष्ट माह्या नावाची करायची हाय, सुलभा. तू ये."

मी गेले.

सेलू

सेलूला पोचले तेव्हा सकाळ होती आणि थंडी अशी की गडहिंग्लजची थंडी म्हणजे पंखा जोरात सोडल्यासारखी वाटावी. गावाबाहेर तुरीची शेतं, मध्ये मध्ये वेचणी अर्धवट राहिलेला कापूस, आणि दुकानांच्या पायऱ्यांवर उन्हाला पाठ देऊन बसलेली माणसं. मामाजी गल्ल्यावर होते. कानटोपी, स्वेटर, त्यावर उपरणं. मला पाहून त्यांनी आधी चहा मागवला आणि मग सरळ मुद्द्यालाच हात घातला. मालतीने आधीच गावाला विचारलं होतं म्हणे. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना आणि तिच्या भजनी मंडळातल्या बायकांना. सगळ्यांनी हो म्हटलं.

"आपल्याच दुकानात उभं राहून मानूस नाई म्हनते काय, मास्तरीणबाई?" मामाजी म्हणाले.

मी हसले, कारण माझ्या पुस्तकात याला सोयीचा नमुना म्हणतात आणि तो न घेण्याबद्दल मी दर वर्षी एक अख्खा तास बोलते. मालतीला मात्र हसू आलं नाही. ती आत निघून गेली आणि कढई जरा जोरातच ठेवल्याचा आवाज आला.

त्या दुपारी आम्ही प्रश्न तयार केले. कोणती माहिती कोणत्या जातीची, हे मालतीला समजावताना मला फार मजा आली. घरात वडी कोण करतं, सासू की सून की कुणीच नाही, ही नुसती नावं. त्यांची बेरीज होत नाही. एका वेळी किती वड्या खाता, ही मोजायची संख्या. अडीच वड्या कुणी सांगत नाही. वडीसाठी घरापासून किती लांब चालत जाल, हे मोजपट्टीने मापायचं. आणि तिखट किती हवं, कमी, मध्यम की झणझणीत, इथे नुसता क्रम असतो. कमी आणि मध्यम यांत जेवढं अंतर, तेवढंच मध्यम आणि झणझणीतमध्ये असेल असं समजायचं नाही.

हे वाक्य मी दर वर्षी बोलते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मालतीने कमी तिखटाची म्हणून वडी पुढे केली, चिंचेच्या चटणीबरोबर. मी संकेश्वरी मिरचीच्या मुलखातली बाई, मी एका घासात अर्धी वडी तोंडात टाकली. नाकातोंडातून पाणी यायला लागलं. मामाजींनी पाणी दिलं, मग ताक दिलं, मग गूळ. "हे कमी?" मी विचारलं तर मालती भाबडेपणाने म्हणाली की ही पोरांसाठी करतो तशी आहे. गडहिंग्लजचं झणझणीत म्हणजे सेलूचं मध्यमसुद्धा नव्हतं. प्रश्नावलीतून तिखटाचा प्रश्न आम्ही काढून टाकला.

संध्याकाळी सोलेभात होता. हिरव्या तुरीचे दाणे घातलेला, वर लसणाची फोडणी. आमच्याकडे तूर म्हणजे डाळ, डब्यात असते ती. ओल्या तुरीचा भात आपण उगीच आजवर खाल्ला नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं.

गल्लीत

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी नियम ठरवला होता: बाजारामागच्या गल्ल्या घ्यायच्या, पहिलं घर चिठ्ठीने काढायचं आणि पुढे दर सातवं. चिठ्ठी मी मुद्दाम मामाजींना काढायला लावली, म्हणजे पुढे नावं ठेवायला जागा नको. चौथं घर निघालं. मी अगदी रुबाबात घरं मोजत निघाले.

चौथ्या घरी चहा झाला, पोहे झाले, माहिती मिळाली. तिथून सातव्या घराकडे जाताना मधल्या घरांच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एक, दोन, सगळ्याच. आम्ही हसून पुढे सरकत होतो तेवढ्यात निळ्या दाराच्या घरातून भोयरकाकू बाहेर आल्या. साठीच्या, हातात सूप, कपाळाला मोठं कुंकू.

"आमच्या घरी काऊन नाई आल्या? आमचं घर दिसलं नाई काय तुमाले?"

मी नमुना निवडीचं तत्त्व समजावून सांगितलं. प्रत्येक घराला निवडलं जाण्याची संधी सारखीच होती, तुमचं घर निघालं नाही एवढंच. काकूंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मालतीकडे वळून विचारलं की आमचं काही चुकलं का. मालतीचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ती म्हणाली की तू सोमवारी जाशील, मला इथेच राहायचं आहे. इकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असो की घरातलं बारसं, बोलावणं गल्लीला जातं, घराला नाही. मधलं घर सोडलं तर ते भांडण समजतात, आणि मग ते भांडण खरंच सुरू होतं.

मग आम्ही तोड काढली. चहा सगळ्या घरी प्यायचा, पण लिहायचं सातव्याच घरचं. माझ्या आयुष्यात इतका चहा मी कधी प्यायले नाही. एका घरी गोरसपाक ही तुपातली बिस्किटं, दुसऱ्या घरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा, तिसऱ्या घरी आग्रहाने दिलेली संत्री, आणि सगळीकडे वडी. प्रत्येक घरची वडी वेगळी आणि प्रत्येकीला तीच खरी वाटणारी. आमच्याकडे शेजारणीकडे जायचं तर आधी फोन करतात. इथे मी न सांगता घरात शिरत होते आणि उलट आधी का आला नाहीत म्हणून बोलणी खात होते.

आणखी एक होत होतं, पण त्या दोन दिवसांत ते माझ्या ध्यानात आलं नाही. सातवं घर पुष्कळदा बंद असायचं. दाराला कुलूप. मग शेजारची बाई लगेच पुढे व्हायची, उन्हात उभं राहू नका, आमच्याकडे बसा. आम्ही बसायचो आणि कुलपाच्या जागी तिची माहिती लिहायचो. भोयरकाकूंच्या शेजारचं घर असंच सातवं आलं. तिथे वानखडे मॅडम राहतात, शाळेत शिकवतात, एकट्याच असतात. काकूंनी आम्हाला आनंदाने आत नेलं, अखेर त्यांची पाळी आली होती.

"मॅडमचं मले समदं मालूम हाय," काकू म्हणाल्या. "त्या कायले इकत घेतीन? त्यायले वडी माह्याच घरून जाते."

मी तेही समासात लिहिलं.

दोन दिवसांनी आमच्याकडे एक छानसा नमुना जमला आणि त्यात झाडून सगळ्यांनी वडी विकत घेऊ असं सांगितलं होतं. ज्यांनी आम्हाला स्वतःच्या हातची वडी खाऊ घातली, त्यांनीही. मी मामाजींपुढे आकडे मांडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काल दुकानात हो म्हनत होते, आज घरात हो म्हनून राह्यले," ते म्हणाले. "तोंडावर नाई कोन म्हनते?"

या वेळी कढई ठेवल्याचा आवाज आला नाही. मालती गिऱ्हाइकाला साखर मोजून देत राहिली. मला फार लाज वाटली. एवढा पसारा करून मी तिला होती तिथेच आणून ठेवलं होतं, आणि सोमवार जवळ आला होता.

हिंगणघाट

शुक्रवारी आम्ही हिंगणघाटला गेलो. मालतीच्या माहेरी जेवण होतं आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघींनाही गल्लीत तोंड दाखवायचं नव्हतं. वाटेत दोन्हीकडे कापसाची शेतं, रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकलेला. वेणा नदीच्या पुलावर बस थांबली ती थांबलीच, पुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आमच्याकडे ही वेळ उसाच्या ट्रॉल्यांची असते, त्यामुळे मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

मालतीचा भाऊ सुनील कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये नोकरीला आहे. जेवायला त्याच्या घरी भरीत होतं, कांद्याची पात घातलेलं, सोबत ज्वारीची भाकरी. जेवण झाल्यावर तो आम्हाला जिनिंग दाखवायला घेऊन गेला. आत पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस पांढरा होतो. माझ्या निळ्या शालीची पुढे दोन दिवस झाडणी चालली होती. आवारात कापसाने भरलेली गाडी उभी होती आणि खरेदीदार तीवर चढून कोपरापर्यंत हात आत घालून मूठभर कापूस काढत होता. एकदा पुढून, एकदा मागून, एकदा तळाकडून. मी सुनीलला म्हटलं की वरचा कापूस किती स्वच्छ आहे, तो का नाही पाहत.

"वरचा दाखवासाठीच रायते, ताई," सुनील म्हणाला. "हात आत घालाव लागते."

मला ते पुस्तकातल्यासारखं वाटलं, मी लगेच मालतीला म्हटलं की बघ, हा स्तरित नमुना, थराथरातून घेतलेला. पुढच्या वर्षी वर्गात सांगायला एक चांगलं उदाहरण मिळालं म्हणून मी खूश होते. मालती खूश नव्हती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली होती. वर्धा मागे पडल्यावर एकदम माझ्याकडे वळली.

"सुलभा, आपन कुलूपवाल्या घरात हात घातलाच नाई."

खरंच की. दुपारी घरी कोण असतं? जिच्या घरी वडी होते ती. कुलूप कुणाच्या दाराला असतं? जे नोकरीला जातात, एकटे राहतात, ज्यांच्या घरी वडी करायला कुणी नाही. जे विकत घेतील तेच नेमके आम्ही गाळले होते आणि त्यांच्या जागी त्यांच्या शेजारणी बसवल्या होत्या. गल्लीच्या मायेने माझा नमुना खाऊन टाकला होता आणि मी शेजारी बसून चहा पीत होते. मी कपाळावर हात मारला आणि मग आम्ही दोघी हॉस्टेलात हसायचो तशा हसत सुटलो. कंडक्टर वळून बघायला लागला.

कुलपं उघडल्यावर

शनिवारी आम्ही संध्याकाळी निघालो, दिवेलागणीला. फक्त सुटलेली घरं. या वेळी प्रश्नही बदलले. घ्याल का, हे विचारायचंच नाही. गेल्या आठवड्यात बाहेरून खायला काय आणलं, केव्हा आणलं, कुणी आणलं, एवढंच. झालेली गोष्ट सांगताना माणसाला भिडेपोटी हो म्हणावं लागत नाही.

एका घरात बँकेतला तरुण होता, बीडकडचा, सेलूत येऊन वर्ष झालं तरी संध्याकाळी बिस्किटांवर भागवणारा. एका खोलीत नर्सिंगच्या तीन मुली होत्या. एक एसटीतला मेकॅनिक होता, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. यांच्यापैकी दोघांनी स्पष्ट सांगितलं की वडी आवडत नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचे आभार मानले. नाही म्हणणारं कुणीतरी अखेर भेटलं होतं. बाकीच्यांनी आम्हालाच प्रश्न विचारले: दुकान उघडं किती वाजेपर्यंत असेल, रविवारी असेल का.

शेवटी वानखडे मॅडमकडे गेलो. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या. कपाटावर स्टीलचे तीन डबे ओळीने ठेवले होते, घासून लख्ख केलेले. मालतीने ते ओळखले, भोयरकाकूंचे. मी विचारलं, वडी मिळते ना शेजारून. मॅडम म्हणाल्या की मिळते, दर आठवड्याला मिळते, आणि काकूंच्या हाताला चव आहे. मग त्यांनी एक डबा हातात घेतला.

"डबा रिकामा कसा द्यायचा? मले कराले काही येत नाई, म्हून साखर टाकून देतो. बारा वर्षं झाले, साखरच. दुकानात वडी भेटली न, तर एखाद्या वेळी मीबी काहीतरी नेऊन देईन."

मालतीने खाली पाहिलं. मला माझं घर आठवलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर शेजारच्या शिंत्रे वहिनींचा एक डबा आहे. कधीचा, ते मला आठवत नव्हतं, पण त्यात काय घालून परत करायचं हे ठरलेलं होतं.

रविवार

मामाजींपुढे मी माहिती दोन थरांत मांडली. दिवसा दार उघडं असलेली घरं आणि दिवसा कुलूप असलेली घरं. पहिल्या थरात सगळे हो म्हणाले होते, पण बाहेरून आणून खाणारं जवळजवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या थरात नाही म्हणणारे होते आणि रोज काही ना काही बाहेरून आणणारेही होते. मी आणखी काही सांगणार होते, पण मामाजींनी हाताने थांबवलं.

"त्यायनं काय इचारलं?"

मालती म्हणाली, किती वाजेपर्यंत उघडं राहील ते विचारलं.

मामाजींनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "घेनारा मानूस टाइम इचारते. बाकीचे तब्येत इचारतात." त्यांनी नातवाला मोबाइलवाल्याकडे पाठवलं, दुसरी खोली पाहा म्हणून सांगायला. आणि सुनेला एवढंच बजावलं की दुपारी शटर उघडून बसू नको, कुलपं उघडतात तेव्हा उघड.

मालती थांबली नाही. पदर खोचून ती त्या खोलीत गेली आणि तेलाचे डबे स्वतः ओढून बाहेर काढायला लागली. डब्यांचा आवाज पार बाजारापर्यंत गेला असेल. भोयरकाकू पाहायला आल्या आणि पाहता पाहता झाडू घेऊन आत शिरल्या.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा तिने पहिला घाणा काढला होता. मी पैसे पुढे केले. मालती घेईना, मी ऐकेना. मामाजी गल्ल्यावरून म्हणाले, घे, पण यांना गिऱ्हाइकांत धरू नको, त्या पाहुण्या आहेत. बरोबरच होतं त्यांचं, मी सेलूच्या समष्टीत, म्हणजे ज्यांच्यातून नमुना घ्यायचा त्या लोकांत, बसत नव्हते. मालतीने ते पैसे गल्ल्यात न टाकता देवापुढे ठेवले आणि मला म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात येजो."

गडहिंग्लज

घरी पोचले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. दाराचं कुलूप काढताना हात क्षणभर थांबला. मी रोज सकाळी हे लावते आणि अंधार पडताना काढते, इतकी वर्षं. कुणी सर्वेक्षणाला आलंच असेल तर माझी माहिती शिंत्रे वहिनींनीच दिली असणार, आणि मायेने दिली असणार.

फळीवरचा त्यांचा डबा काढला, धुतला, पुसला. साखरेची बरणी शेजारीच होती. मी पिशवीतल्या वड्या डब्यात रचल्या आणि शेजारचं दार वाजवलं.

वहिनींनी झाकण उघडून वास घेतला. "ह्या तुम्ही केल्यासा?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या मैत्रिणीचं दुकान आहे. विकत आणल्यात."

त्यांनी एक वडी तिथेच उभ्याने तोंडात टाकली. मी तिखटाबद्दल सांगणार होते, पण उशीर झाला होता. डोळ्यांना पदर लावत त्यांनी मला हाताला धरून आत ओढलं, आणि मी त्यांच्याकडे गूळ कुठे असतो ते शोधायला लागले.